खुंटीवरची हॅट

१

स्क्वायर टॅगर्टच्या तोंडात पीठ कोंबलेलं होतं.

ओठांवर पीठ, हनुवटीवर पीठ, सकाळच्या भाषणासाठी मुद्दाम घातलेल्या निळ्या कोटाच्या पितळी बटणांवर पीठ. डोक्याखाली रक्ताचं थारोळं. शेकोटीची लोखंडी सळई पायाशी पडलेली आणि मागची खिडकी सताड उघडी. बाहेर कुरणावर अख्खं हॅझेल फोर्ड गाव भाजलेल्या बैलावर ताव मारत होतं. चार जुलैचा स्वातंत्र्यदिन, त्यात अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेला पुरेशा राज्यांची संमती मिळाल्याची ताजी बातमी, त्यामुळे पेल्यांवर पेले उंचावले जात होते. गावाचा न्यायाधीश, म्हणजे स्क्वायर, सराईच्या मागच्या खोलीत मरून पडलाय याचा कुणाला पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो आग्नेस गिलफिलनला. ‘नांगर’ ही सराई तिची. नवरा सैन्यात मेला त्या हिवाळ्यापासून ती एकटीच चालवत होती. पाटीवर नांगर रंगवला होता खरा, पण पाऊस पडला की रंगाखालून इंग्लंडच्या राजाचा मुकुट डोकावायचा आणि गिऱ्हाइकं तिला त्यावरून छेडायची. आग्नेस चिडणाऱ्यातली नव्हती. ती राग साठवून ठेवणाऱ्यातली होती.

ती किंचाळली नाही. हातातलं फडकं तिने कमरेला खोचलं आणि खोलीभर नजर फिरवली. दाराशेजारच्या खुंटीवर एक हॅट टांगलेली होती. करडी, रुंद काठाची, ना फीत ना बक्कल. अशी हॅट फक्त क्वेकर पंथाचे लोक घालतात.

मग मघाशी भिंतीपलीकडून ऐकलेल्या शब्दांचा अर्थ तिला लागला. ती स्वयंपाकघरात भांडी आवरत होती तेव्हा दबक्या, घोगऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं होतं, “तू माझ्या भावाला मारलंस, टॅगर्ट. मागच्या रविवारी तुला शेवटचं बजावलं होतं. आता खा!” आणि मग धप्पकन काहीतरी पडलं होतं.

स्क्वायर टॅगर्टला ‘तू’! त्याची बायको जिवंत होती तेव्हा तीही त्याला ‘अहो’ म्हणायची. राज्यपालापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना एकजात ‘तू’ म्हणणारे लोक या मुलखात एकच, क्वेकर. आणि ज्याचा भाऊ स्क्वायरच्या कोठडीत मेला असा क्वेकरही एकच.

आग्नेसला आनंद झाला. चोरून नव्हे, चांगला भरभरून आनंद झाला. दहा वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली होती. ती तशीच कुरणावर गेली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “एनॉस पेनॉकने स्क्वायरला मारलं! मी माझ्या कानांनी ऐकलंय!”

२

एनॉस पेनॉक नदीकाठच्या गिरणीचा मालक. त्याच्या गिरणीतलं पीठ आग्नेसने दहा वर्षांत घरात येऊ दिलं नव्हतं. चांगली दोन टेकड्या ओलांडून ती दुसऱ्या गिरणीवर जायची. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. स्वातंत्र्ययुद्धात व्हॅली फोर्जच्या छावणीत सैन्य बर्फात उपाशी मरत होतं तेव्हा पेनॉकचं पीठ गाड्या भरभरून शहरात गेलं होतं, इंग्रजांना विकायला. त्या छावणीत आग्नेसचा नवरा डेव्हिड भुकेने खंगून मेला. त्याची पिशवी घेऊन त्याचा धाकटा भाऊ ह्यू परत आला, तेव्हा ह्यूच्या गालांचीही नुसती हाडं उरली होती. तेव्हापासून दीर-भावजय मिळून एकाच माणसाचा द्वेष करत आले होते. दुसऱ्यांची घरं प्रेमाने बांधलेली असतात म्हणे. यांचं या द्वेषाने बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराईच्या मोठ्या खोलीतच मृत्यूची चौकशी बसली. अशा चौकशा चालवणारा अधिकारी, कॉरोनर बॉयर, सणासाठी गावात आलेलाच होता. त्याने बारा पंच निवडले, बहुतेक जुने सैनिक. मुख्य पंच म्हणून लोहार ह्यू गिलफिलनचं नाव आलं, आणि कुणी हरकत घेतली नाही.

“ज्युरीशिवाय कुणाला शिक्षा नाही, हे नव्या घटनेत लिहिलंय,” बॉयर खिडकीबाहेर बघत म्हणाला. बाहेर काही मंडळींनी पाटीच्या खांबाला दोर बांधून ठेवला होता. “तेव्हा तो दोर आधी सोडा.”

“राहू द्या की, साहेब,” बाहेरून कुणीतरी ओरडलं. “नंतर पुन्हा कोण बांधणार!”

लोक हसले. दोर तिथेच राहिला.

आग्नेसने बायबलवर हात ठेवून साक्ष दिली. हॅट, पीठ, भिंतीपलीकडचा आवाज. “स्क्वायरसाहेबांना ‘तू’ म्हणाला तो. ‘माझ्या भावाला मारलंस’ असं म्हणाला.” पंच एकमेकांकडे बघून माना हलवू लागले.

स्क्वायरचा पुतण्या रॉबर्ट टॅगर्ट कोपऱ्यात बसला होता. डोळे तांबारलेले, कोटाला गवत चिकटलेलं. काकाची सगळी जमीन आता त्याचीच होणार होती, म्हणून बॉयरने त्यालाही फैलावर घेतलं.

“काल संध्याकाळी कुठे होतास?”

“गाडीखाली झोपलो होतो. बैल भाजणाऱ्यांनी माझ्यावर बादलीभर पाणी ओतलं, त्यांनाच विचारा.”

“तेरा पेले चढवले होते पठ्ठ्याने!” एक पंच म्हणाला. “आम्हीच ओतलं पाणी, तरी हलला नाही. हा कसला सळई उचलतोय!”

मग पेनॉकला आणलं. उंच, वाळका माणूस. हात बांधलेले, डोक्यावर हॅट तशीच. ती पाहून पंचांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण कालचा प्रसंग सगळ्यांना आठवत होता. स्क्वायरने सराईच्या पायऱ्यांवरून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला तेव्हा सगळ्या गावाने डोकी उघडी केली होती. हा एकटा हॅट घालून उभा. स्क्वायरने वाचन थांबवून विचारलं होतं, “काय रे गिरणीवाल्या, डोक्यात खिळे ठोकलेत का?” आणि पेनॉक म्हणाला होता, “टॅगर्ट, सगळी माणसं जन्मतः सारखी, असं तूच आत्ता वाचलंस. मग तुझ्यापुढे हॅट कशासाठी काढू?”

“काल संध्याकाळी कुठे होतास?” बॉयरने विचारलं.

“नदीच्या वाटेने घरी गेलो. वाटेत कुणी भेटलं नाही.”

“ही खुंटीवरची हॅट तुझी?”

“माझी माझ्या डोक्यावर आहे.”

“दोन असतील!” ह्यू म्हणाला.

“जुनी होती एक. गिरणीच्या दारामागे टांगलेली असते. गेल्या पहिल्या दिवशी मी प्रार्थनासभेहून परत आलो तेव्हा ती जागेवर नव्हती.”

बॉयर गोंधळला. “पहिल्या दिवशी? कसला पहिला दिवस?”

“रविवार हो, साहेब,” एक म्हातारा पंच वैतागून म्हणाला. “या लोकांना वारांची नावं चालत नाहीत. सूर्याचं नाव घेतलं तर बाटतात म्हणे. पहिला दिवस, दुसरा दिवस, असंच चालतं त्यांचं. जीभ कापली तरी रविवार म्हणायचे नाहीत.”

पंच हसले. आग्नेसचा हात मात्र फडक्यावर थांबला. मागच्या रविवारी तुला शेवटचं बजावलं होतं, असं तो आवाज म्हणाला होता.

३

जेवणाची सुट्टी झाली तशी ती कुणाशी न बोलता मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

स्वतःचीच चीड यावी अशी वेळ होती. पंचांसमोर ती ‘तू’ सांगून मोकळी झाली होती, ‘रविवारी’ गिळून. मुद्दाम नव्हे. तिला जे ऐकायचं होतं तेवढंच तिने लक्षात ठेवलं होतं.

आणि ती खुंटी. आग्नेस कितीतरी वेळ खुंटीकडे बघत राहिली. या खोलीत पाय टाकणारा प्रत्येक माणूस स्क्वायरपुढे हॅट काढून त्या खुंटीला लावायचा. शिष्टाचार अंगवळणी पडलेला, हात आपोआप वर जायचा. काल आलेल्याचाही गेला.

दारावर टकटक झाली. रॉबर्ट पाणी मागायला आला होता. तिने पाण्याचा तांब्या हातात धरून ठेवला आणि विचारलं, “मागच्या रविवारी तुझ्या काकांना कुणी भेटलं होतं?”

“भेटलं असणार. चर्चमधून आले ते पांढरेफटक पडूनच. आवारातल्या थडग्यांजवळ कुणाशी तरी बोलत होते. मी विचारलं तर खेकसले माझ्यावर. आता द्या ना पाणी, जीव जातोय माझा!”

आपल्या चर्चच्या आवारात. क्वेकर तिथे पाऊल टाकत नाहीत. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी.

पेनॉकला धान्याच्या कोठारात कोंडलं होतं. पहारेकऱ्याने आग्नेसला आत सोडलं. हिच्या तोंडून पेनॉकला शिव्याच मिळणार, अशी त्याची खात्री होती. दहा वर्षांत ती या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती. कसं बोलायचं हेही तिला सुचेना.

“पीठ का विकलंस?” शेवटी तिने तेच विचारलं. खुनाचं नव्हे, पिठाचं.

पेनॉकने तिच्याकडे पाहिलं. “मी विकलं नाही, आग्नेस. टॅगर्टने सैन्यासाठी म्हणून जप्त केलं. गाड्या गिरणीतून निघाल्या तेव्हा मी समाधानीच होतो. लढाईला हातभार लावायचा नाही हे माझं व्रत, पण उपाशी माणसं जेवणार होती. पुढे कळलं की गाड्या छावणीच्या रस्त्याला वळल्याच नाहीत.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो. गावच्या युद्धसमितीपुढे गेलो. समितीचा प्रमुख टॅगर्टच. त्याने मला आणि माझ्या भावाला निष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. आम्ही शपथ घेत नाही. मग शपथ न घेणाऱ्याचा शब्द कोण मानतो? भावाला कोठडीत टाकलं, तो तिथेच तापाने गेला. नंतर मी तुझ्या दारातही आलो होतो एकदा. तू माझ्या अंगावर उकळतं पाणी फेकलंस.”

हे खरं होतं. तिला नेम चुकल्याचं कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

ती मागच्या खोलीत परत आली. खाली बसायला म्हणून ती शेकोटीपाशी टेकली. उन्हाळ्यात शेकोटी पेटत नाही, घासून पुसून आत हिरवे नेचे ठेवायची तिची पद्धत होती. त्या नेच्यांत काहीतरी काळं अडकलं होतं. तिने बोटांनी ओढून काढलं.

भाकरीचा तुकडा होता. चपटा, कच्चा, खालून करपलेला, एका कडेला दातांच्या खुणा. कालपासून सगळे पीठ पीठ करत होते, पण मेलेल्याच्या तोंडात नुसतं पीठ नव्हतं. तिने तुकड्याचा कोपरा दातांखाली धरला. मीठ नाही, खमीर नाही. आणि मग दाताला कचकन लागलं ते लोखंडाचं किट्ट.

ती चव आग्नेसला पाठ होती. दर हिवाळ्यात ती एकदा ही भाकरी खायची, आणि ती तिच्या चुलीवर भाजलेली नसायची.

४

ह्यूच्या भट्टीत निखारे होते, पण घण बंद होता. तो दारातल्या ओंडक्यावर बसून चीज खात होता. डोक्यावर नवी कोरी हॅट होती. भावजयीला पाहून तो उठला आणि हॅट काढली.

“वहिनी, तुम्ही? इथे कशाला आलात या उन्हात?”

आग्नेसने मूठ उघडून तुकडा दाखवला. “भाकरी कशाला कोंबलीस, ह्यू? नुसतं पीठ पुरलं असतं.”

त्याने चीज खाली ठेवलं. मग नाटक करायचा त्याला कंटाळा आला असावा.

“पीठ गावासाठी होतं,” तो म्हणाला. “भाकरी त्याच्यासाठी. दादा जे खाऊन मेला त्याची चव टॅगर्टला कळायला नको?”

छावणीत पिठात नुसतं पाणी कालवून, तापलेल्या दगडावर भाजून सैनिक हेच खायचे. पीठ संपलं तेव्हा तेही संपलं. डेव्हिड गेला त्या तारखेला ह्यू दरवर्षी भट्टीच्या लादीवर तशीच एक भाकरी भाजायचा, आणि दोघं ती न बोलता वाटून खायची.

“तुला कधी कळलं?”

“या वसंतात. त्या गाड्या हाकणारा मरायला टेकला होता. त्याने मला बोलावून सगळं ओकून टाकलं. मागच्या रविवारी टॅगर्टला थडग्यांपाशी गाठलं. म्हटलं, गावासमोर कबूल करा, तेवढं केलंत तर सोडतो. तर म्हणे, लोहाराच्या शब्दाला कोण विचारतं!” ह्यूने दातओठ खाल्ले. “तिथूनच गिरणीवर गेलो आणि पेनॉक सभेहून यायच्या आत हॅट उचलली.”

“आणि पेनॉकने काय केलं होतं? त्याचंच पीठ लुटलेलं!”

“केलं नाही हाच त्याचा गुन्हा. आम्ही बर्फात मरत होतो, हा हॅट घालून देवाचं नाव घेत बसला होता. असल्यांसाठी मी का फासावर जाऊ?”

“आणि मी? मला का ऐकवलंस ते सगळं? मी भिंतीपलीकडे आहे हे तुला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं म्हणून तर,” ह्यू सरळ म्हणाला. “त्याच्या विरुद्ध शपथेवर बोलायला तुमच्याइतकं उतावळं गावात कोण आहे?”

हे तिच्या जिव्हारी लागलं. सळई ह्यूने उचलली होती, पण दुसरं हत्यार त्याने तिचंच केलं होतं. दहा वर्षं दोघांनी मिळून धार लावलेलं.

“टॅगर्ट मेला याचं मला काडीचं दुःख नाही,” ती म्हणाली. “मला सांगितलं असतंस तर सळई मी आणून दिली असती. पण तो मेला कसा, बघ ना! थोर देशभक्त म्हणून. उद्या त्याच्या पेटीवर झेंडा घालणार आहेत, ह्यू. दर रविवारी तो माझ्या टेबलावर बसून माझ्या हातचं खाऊन गेला आणि मी त्याला दोनदा वाढलं! मला त्याला भर गावात उभं करून विचारायचं होतं. त्याचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं. ते तू माझ्याकडून हिरावलंस.”

“आता काय त्याचं? तुम्ही फक्त गप्प बसा, वहिनी. दादाची आण आहे तुम्हाला.”

चर्चची घंटा वाजली. पंचांना परत बोलावलं जात होतं. मुख्य पंचाने तोंड पुसलं, हॅट डोक्यावर ठेवली आणि तिला पुढे व्हायची खूण केली.

“चला. निकाल लावून टाकू.”

५

“मला बोलायचंय,” आग्नेस म्हणाली.

“बाई, तुमची साक्ष झाली की,” बॉयर म्हणाला.

“अर्धी झाली.”

खोलीत कुजबुज झाली. पंचांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर ह्यू बसला होता, तिच्यावर नजर रोखून. आग्नेसने त्याच्याकडे पाठ केली आणि पेनॉकसमोर जाऊन उभी राहिली.

“हॅट काढ.”

“नाही,” पेनॉक म्हणाला.

“कॉरोनरसाहेब, याला म्हणावं हॅट काढ. पंचांचा मान राख, म्हणजे ते तुला सोडतील.”

“काढ बाबा,” बॉयर म्हणाला. त्यालाही बाहेरचा दोर डोळ्यांसमोर नको होता.

“देवाखेरीज कुणापुढे काढत नाही. त्यावर सुटणार असेन तर मला सुटायचं नाही.”

आग्नेस पंचांकडे वळली. “बघितलंत? फास दारात लोंबतोय तरी हा हॅटला हात लावत नाही. याच्या भावाने शपथेच्या बाबतीत हेच केलं आणि तो कोठडीत मेला. आणि तुम्ही काय म्हणता? काल हा टॅगर्टचा जीव घ्यायला आला, आणि आधी अदबीने हॅट काढून खुंटीला लावली? ती हॅट तिथे टांगलेली आहे, यावरूनच हा त्या खोलीत नव्हता हे कळायला हवं. खुंटीवर हॅट लावतो तो आपल्यातला. क्वेकराची हॅट घातली तरी हाताची सवय जात नाही. मी आले तसा तो खिडकीतून पळाला आणि पेनॉकवर आळ यावा म्हणून हॅट मागे ठेवली.”

कुणी हसलं नाही.

“अजून एक. तो आवाज ‘तू’ म्हणाला, ते मी सांगितलं. तो ‘मागच्या रविवारी’ म्हणाला, ते मी सांगितलं नाही. आत्ता सांगते, बायबलवर हात ठेवून. जीभ कापली तरी हे लोक रविवार म्हणत नाहीत, असं तुमच्यातलेच मघाशी म्हणाले.”

म्हाताऱ्या पंचाने मान खाली घातली.

“मग कोण?” बॉयरने विचारलं.

आग्नेसने रुमाल उघडून तो काळा तुकडा पंचांच्या टेबलावर ठेवला. “टॅगर्टच्या तोंडात हे होतं. तुम्ही ओळखाल.”

पहिल्याने तो वास घेतला आणि बाजूच्याकडे दिला. दुसऱ्याने चिमटीएवढा कण जिभेवर ठेवला. दहा वर्षांपूर्वी हे ज्यांनी खाल्लं होतं त्यांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी तो हिवाळा उतरला. तुकडा रांगेत फिरत गेला. शेवटी बसलेला एक जुना तोफखान्यातला माणूस थुंकला, बोटावर पाहिलं आणि हळूच म्हणाला, “किट्ट आहे यात. लोहाराच्या भट्टीचं.”

गावात लोहार एकच होता. सगळ्यांच्या माना पहिल्या खुर्चीकडे वळल्या.

“का मारलं, तेही सांगते,” आग्नेस म्हणाली. आता तिचा आवाज चढला. “त्या हिवाळ्यातलं पीठ पेनॉकने विकलं नाही. टॅगर्टने विकलं! सैन्याच्या नावाने उचललं आणि इंग्रजांना दिलं. तुमची माणसं त्याने मारली, माझा डेव्हिड त्याने मारला, आणि काल तोच पायऱ्यांवर उभा राहून तुम्हाला स्वातंत्र्य वाचून दाखवत होता!”

“खोटं आहे!” रॉबर्ट ओरडला. खोलीत एकच गलका उडाला. बॉयरने टेबल बडवलं.

“बाई, मेलेल्या माणसावर एवढा आरोप? पुरावा काय?”

आग्नेसकडे पुरावा नव्हता. गाडीवान मेला होता, आणि जे ठाऊक होतं ते ह्यूला. हे सगळं तिला भट्टीपासून सराईपर्यंतच्या वाटेवरच कळलं होतं. तिने आता पहिल्यांदा दिराकडे पाहिलं. तो नाही म्हणाला असता तर पेनॉक सुटला असता, ह्यूही कदाचित सुटला असता. एका बाईचा शब्द आणि भाकरीचा तुकडा, एवढ्यावर कुणी लोहाराला लटकवत नाही. पण टॅगर्ट झेंड्याखाली पुरला गेला असता.

ह्यू उठला. उठता उठता त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि हॅट खाली आली. आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो कसनुसा हसला.

“पुरावा मी देतो,” तो म्हणाला. “लिहायला घ्या, साहेब. आधी टॅगर्टचं लिहा. गाड्या कुठून निघाल्या, कुठे वळल्या, सोनं कुणी मोजून घेतलं, गाडीवान मरताना जे बोलला ते सगळं. एकही शब्द गाळायचा नाही. माझं शेवटी लिहिलं तरी चालेल.”

६

टॅगर्टच्या पेटीवर झेंडा घातला गेला नाही. पेटी उचलायला माणसं मिळेनात, शेवटी रॉबर्टने गाडी जुंपली. थडग्यावर दगड बसवायला पाथरवट तयार झाला नाही आणि ती जागा तशीच गवतात गेली. आग्नेस रोज मुद्दाम त्या वाटेने जायची आणि गवत किती वाढलं ते बघून यायची. तिला त्याने बरं वाटायचं. याहून मोठेपणा तिला आणताही आला नसता.

ह्यूचा खटला जिल्ह्याच्या गावी चालला. वकील मिळाला, ज्युरी मिळाली, सगळं नव्या देशाच्या रीतीप्रमाणे झालं. ज्युरीतले दोघं निकाल सांगताना रडले. फाशी ठरली.

पेनॉक एकदा सराईत आला. हॅट डोक्यावर होतीच.

“तुझे उपकार मानायला आलोय, आग्नेस.”

“मी तुझ्यासाठी काही केलं नाही,” ती म्हणाली. “टॅगर्टसाठी केलं.”

“ठाऊक आहे.” तो दारात घुटमळला. “तुझ्या दिरासाठी मी राज्यपालाला विनंती केली. त्याने ऐकलं नाही.”

आग्नेस बराच वेळ टेबल पुसत राहिली, स्वच्छ असलेलं. मग विचारलं, “गिरणी चालू आहे का आज?”

फाशीच्या आदल्या दिवशी ती तुरुंगात गेली. पहारेकऱ्याने तिने रुमालात बांधून आणलेलं खाणं तपासलं, नाक मुरडलं आणि आत जाऊ दिलं. ह्यू भिंतीला टेकून बसला होता. पायांत त्यानेच कधीतरी घडवलेल्या बेड्या होत्या. तिने रुमाल उघडला. चपटी, करपलेली भाकरी, दगडावर भाजलेली.

“अजून हिवाळा कुठे आलाय, वहिनी?” तो म्हणाला.

“तोवर तू नसशील.”

त्याने भाकरी हातात घेतली, उलटून पाहिली. “पीठ कुणाचं?”

“पेनॉकचं.”

ह्यूचा हात थांबला. आग्नेसला वाटलं, आता हा ती भिंतीवर फेकणार. तिने त्याला थांबवलं नसतं. पण त्याने ती मोडली, अर्धी तिला दिली आणि आपल्या अर्ध्या भाकरीचा घास घेतला. बराच वेळ तो चावत राहिला. दाताखाली किट्ट नव्हतं.

मग त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं.

“आग्नेस,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. “मीठ घातलंस तू.”